वजन उतरल्यानंतरचा पेग

स्थूलपणाची शस्त्रक्रिया करून घरी निघालेल्या माणसाच्या हातात आहारतज्ज्ञ एक कागद ठेवते. पहिले काही दिवस फक्त पातळ, मग मऊ भात-वरण, प्रोटीनची पावडर, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, जेवताना पाणी प्यायचं नाही. शेवटी कुठेतरी दारूची एक ओळ असते आणि ती बहुतेक वेळा महिन्यांच्या हिशोबात असते. सहा महिने नाही. काही ठिकाणी वर्षभर नाही. पेशंट ती ओळ तारखेसारखी वाचतो. जूनमध्ये ऑपरेशन झालं, म्हणजे थर्टी फर्स्टला चालेल.

ही तारीख चुकीच्या गोष्टीची आहे, असं माझं म्हणणं आहे. सहा महिने किंवा वर्ष हा टाके भरून यायचा, पोषण सावरायचा, झपाट्याने उतरणारं वजन स्थिरावायचा काळ. दारूच्या धोक्याचं वेळापत्रक निराळं आहे आणि आजवरचे अभ्यास पाहिले तर तो याच तारखेच्या पुढे वाढत जातो.

आधी पोटात काय बदलतं ते पाहू. धडधाकट जठरात गेलेली दारू तिथे थोडी रेंगाळते. जठराच्या अस्तरातलं एक एन्झाइम तिचा लहानसा भाग तिथल्या तिथे मोडतं, आणि जठराच्या खालच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा वळा उरलेली दारू थोडीथोडी करून लहान आतड्यात सोडतो. पोटात जेवण असेल तर हे आणखी सावकाश होतं. दारू रक्तात झपाट्याने उतरते ती लहान आतड्यातून, त्यामुळे जठरातला हा थांबा महत्त्वाचा. शस्त्रक्रियेच्या बायपास या प्रकारात सर्जन जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी ठेवतात, म्हणजे बारमधल्या लहान पेगाएवढी, आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. थांबा गेला, वळाही वाटेतून गेला. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून अरुंद नळी ठेवतात. तिथे वळा शाबूत राहतो, पण नळीतला दाब वाढलेला असतो आणि पातळ पदार्थ भराभर पुढे सरकतात. तिसरा प्रकार बँडचा: जठराला बाहेरून सिलिकॉनचा पट्टा. तो आता मागे पडला आहे, पण त्यात अन्नाचा मार्ग बदलत नाही एवढं लक्षात ठेवायला हवं, पुढे ते कामाला येईल.

यात शरीराचं आकारमानही येतं. एकशेवीस किलोंचा माणूस ऐंशीवर आला की त्याच्या शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि दारू विरघळते ती त्या पाण्यात. तोच पेग आता कमी पाण्यात पडतो. माणसाला मात्र आपली जुनी कपॅसिटी आठवत असते.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली बायपास झालेल्या १२ स्त्रिया आणि न झालेल्या १२ स्त्रिया यांना वजनाच्या प्रमाणात सारखीच दारू देऊन रक्त तपासलं. इतरांच्या रक्तात दारू साधारण अर्ध्या तासाने शिखरावर गेली, बायपासवाल्यांच्या रक्तात दहा मिनिटांत, आणि शिखरही उंच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये २०११ साली आणखी चांगला प्रयोग झाला, कारण तिथे तीच माणसं ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तपासली गेली. १९ जणांनी रेड वाइनचा एकेक ग्लास घेतला, सुमारे दीडशे मिली, आणि श्वासावरून मोजमाप झालं. ऑपरेशनआधी रक्तातल्या दारूचं सरासरी शिखर १०० मिलीमागे २४ मिलिग्रॅम. तीन महिन्यांनी ५९. सहा महिन्यांनी ८८. दारू पूर्ण उतरायला आधी ४९ मिनिटं लागत, सहा महिन्यांनी ८८ मिनिटं.

हे आकडे आपल्याकडच्या कायद्याशेजारी ठेवून पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा होतो. एका ग्लासानंतर मर्यादेच्या आत असणारा सरासरी माणूस सहा महिन्यांनी त्याच ग्लासावर मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट जातो. आणि सहा महिने म्हणजे नेमकी कागदावरची ती तारीख. ‘एकच घेतली, गाडी मीच चालवतो’ हे वाक्य या माणसाच्या बाबतीत कायमचं बाद झालेलं असतं.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०१५ साली जे मांडलं ते तर पेगांच्या भाषेतच होतं. साधारण दोन ड्रिंक्सइतकी दारू दिल्यावर, ऑपरेशन न झालेल्या स्त्रियांच्या रक्तात १०० मिलीमागे ६० मिलिग्रॅमच्या आसपास शिखर आलं, बायपासवाल्यांच्या रक्तात ११०. दोन ड्रिंक्स घेतली आणि चारांचा परिणाम झाला, असं त्यांनी म्हटलं. अमेरिकेतलं एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, त्या हिशोबाने ३० मिलीच्या लहान पेगात १० ग्रॅम येतं, नाइंटीत ३०, आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साठेक ग्रॅम. म्हणजे अमेरिकेतली ती दोन ड्रिंक्स ही आपली नाइंटी, आणि बायपासनंतर नाइंटीची क्वार्टर होते. बिअर म्हणजे हलकी असं मानणाऱ्यांनी हेही गणित करावं: सात टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ३६ ग्रॅम असतात, साडेतीन लहान पेगांइतके.

स्लीव्हचं काय, हा प्रश्न भारतात जास्त महत्त्वाचा, कारण इथे स्लीव्ह मोठ्या प्रमाणावर होते. अनेक दिवस असं समजलं जात होतं, की स्लीव्हनंतर दारूच्या बाबतीत फारसं काही बदलत नाही. एक-दोन लहान अभ्यासांत तसं दिसलंही होतं. सेंट लुइसच्याच गटाने २०१८ साली थेट रक्त काढून मोजलं तेव्हा स्लीव्हनंतरचं शिखर बायपासच्या बरोबरीने चढलेलं निघालं. बँडवाल्यांत तसं झालं नाही. याच अभ्यासात श्वासावरून मोजणारं यंत्र खरं शिखर हुकवतं आणि रक्तातली पातळी सुमारे २७ टक्क्यांनी कमी दाखवतं, असंही आढळलं. ‘माझी स्लीव्ह आहे, बायपास नाही’ या दिलाशाला आता फारसा आधार उरलेला नाही.

इथवरचा भाग नशेचा झाला. व्यसनाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित.

अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांमध्ये चाललेल्या लॅब्ज-२ या मोठ्या अभ्यासात पेशंटना ऑपरेशनआधी आणि नंतर दर वर्षी दारूविषयी ठरावीक प्रश्न विचारले गेले. २०१२ साली १,९४५ जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दारूच्या आजाराची लक्षणं ऑपरेशनआधीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांत होती, पहिल्या वर्षात ७.३ टक्के लोकांत, दुसऱ्या वर्षात ९.६ टक्के लोकांत. पहिल्या वर्षी काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण त्या वर्षी माणूस भारावलेला असतो, दर महिन्याला पँटचं माप बदलत असतं, डॉक्टरांकडे चकरा असतात, पोटही साथ देत नाही. आकडा वर जातो तो त्यानंतर. पुढची पाच वर्षं पाहून २०१७ साली जे समोर आलं ते आणखी गंभीर होतं: ज्यांना ऑपरेशनच्या आधीच्या वर्षात त्रास नव्हता, अशा बायपासवाल्यांपैकी २०.८ टक्के लोकांत पाच वर्षांत कधी ना कधी ही लक्षणं उमटली. बँडवाल्यांत ११.३ टक्के. पुरुष, तरुण वय, सिगारेट, आधीपासून नियमित पिणं आणि आजूबाजूला आपलं माणूस नसणं, या गोष्टींनी धोका वाढला.

स्वीडनमधल्या दीर्घ पाहणीत बायपासनंतर दारूच्या आजाराचं निदान होण्याचा धोका ऑपरेशन न झालेल्या स्थूल लोकांच्या जवळजवळ पाचपट निघाला. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडाही सांगायला हवा, नाहीतर चित्र खोटं होईल: ऑपरेशन झालेल्यांपैकी ९३ टक्के लोकांचं पिणं जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने कमी धोक्याच्या पातळीवरच राहिलं. बहुसंख्यांचं काही बिघडत नाही. ज्यांचं बिघडतं त्यांचं फार बिघडतं, आणि ते उशिरा बिघडतं.

का, यावर बरीच वर्षं एक गोष्ट लोकप्रिय आहे. खाण्याचं व्यसन होतं, ते तोडलं, म्हणून माणूस बाटलीकडे वळला. ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात २००६ साली हा विषय आला आणि अमेरिकेत घराघरांत पोचला. गायिका कार्नी विल्सन हिने १९९९ साली बायपास करून घेतला होता आणि पुढे आपल्या दारूविषयी ती जाहीरपणे बोलली. गोष्ट पटते, सांगायलाही सोपी आहे. पण ती पूर्ण खरी असती तर बँडवाल्यांतही तेवढंच व्यसन दिसायला हवं होतं. त्यांचंही खाणं तुटलेलंच असतं. त्यांच्यात धोका निम्म्याच्या आसपास का? उंदरांवरचे प्रयोग इथे बोलके आहेत. बायपास केलेले उंदीर शिरेतून थेट मिळणारी दारूही जास्त मागतात. तिथे पोटाचा, आतड्याचा, शोषणाचा संबंधच येत नाही. म्हणजे आतड्यातून मेंदूला जाणाऱ्या संप्रेरकांच्या संदेशांतच काही बदलत असावं. शिवाय दहा मिनिटांत उसळणारी नशा ही कोणत्याही मेंदूसाठी अर्ध्या तासात चढणाऱ्या नशेपेक्षा जास्त ओढ लावणारी. खाण्याची जागा दारूने घेतली हे स्पष्टीकरण मला म्हणूनच खटकतं. त्यात सगळा दोष माणसाच्या मनावर जातो, आणि त्याच्या आतड्यांची जोडणी बदलली आहे हे सोयीस्कर विसरलं जातं.

जाता जाता: वजन कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं उलट दारूची ओढ कमी करतात की काय, अशी चिन्हं आहेत. ४८ जणांवरच्या एका चाचणीत २०२५ साली तसं दिसलं. गंमत अशी, की ही इंजेक्शनं ज्या संप्रेरकाची नक्कल करतात ते संप्रेरक बायपासनंतर शरीरात आपोआपच वाढतं. मग एकीकडे ओढ कमी आणि दुसरीकडे जास्त कशी, याचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

आता आपल्याकडची बैठक. इथे कोणी नुसती पीत नाही. समोर शेंगदाणे, फरसाण, चिकन काहीतरी असतंच, आणि त्यानेच पिणाऱ्याला बरंच वाचवलेलं असतं. ऑपरेशननंतर चखणा आणि पेय सोबत घेता येत नाही. खाणं आणि पिणं यांत अर्धा तास ठेवा असं सांगितलेलं असतं, आणि पिशवीत जागाही नसते. त्यामुळे हा माणूस कितीही जेवून आला तरी जवळजवळ रिकाम्या पोटी पितो. सोड्याने पोट फुगतं, म्हणून तो पेगात पाणी घालतो किंवा गोड शीतपेय. गोड शीतपेय बायपासनंतर आतड्यात धपकन उतरलं की घाम, धडधड, मळमळ, आणि मित्रांना वाटतं याला आजकाल लगेच चढते.

त्यांचा हा गैरसमज जीवावर बेतू शकतो. उपाशी माणसात रक्तातली साखर टिकवण्याचं काम यकृत करतं, दारू ते काम अडवते. ऑपरेशननंतर जेवण थोडं, यकृतातला साठा कमी, आणि काही बायपासवाल्यांना जेवणानंतर दोन-तीन तासांनी साखर खाली जाण्याचा त्रास आधीच असतो. वर मधुमेहाच्या जुन्या गोळ्या चालू असतील तर विचारूच नका. साखर पडलेला माणूस अडखळत बोलतो, घामाघूम होतो, चिडतो, झोपून जातो. तोंडाला दारूचा वास असेल तर त्याला कोणी ग्लुकोमीटर लावत नाही. पांघरूण घालून झोपवतात.

दुसरा असाच फसवा आजार म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपणं. शरीरात त्याचा साठा काही आठवड्यांचाच असतो. ऑपरेशननंतर उलट्या चालू राहिल्या, गोळ्या बंद पडल्या आणि वर दारू सुरू झाली, की साठा तळाला जातो. मग एकाचे दोन दिसतात, चाल डगमगते, माणूस असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, परत पिऊन आला. याला वर्निकेचा आजार म्हणतात, आणि वेळेवर बी-१ची इंजेक्शनं मिळाली नाहीत तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आपल्याकडे अशक्त दिसणाऱ्या माणसाला पहिली लावतात ती ग्लुकोजची सलाईन. या आजारात बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलासुरला साठाही त्यातच खर्च होतो. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. अपघात होतो तो कॅज्युअल्टीत पेशंटच्या ऑपरेशनची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून.

सकाळी डोकं धरलं म्हणून आयबुप्रोफेनची गोळी घ्यायची, ही सवय बायपासवाल्याने सोडलीच पाहिजे. पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे त्या गोळ्यांनी अल्सर होतात. सिगारेटने तर होतातच.

बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं. ही ऑपरेशनं करून घेणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण मोठं आहे, वर दिलेले बरेचसे प्रयोगही स्त्रियांवरच झालेत, आणि तरी मराठी घरातल्या बाईला दारूविषयी प्रश्न विचारायची आपल्याकडच्या डॉक्टरला भीड पडते. विचारला तरी शेजारी सासूबाई किंवा नवरा बसलेला असतो. ‘कधीतरी, लग्नकार्यात’ याखेरीज दुसरं उत्तर त्या खोलीत येऊच शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातले एक-तृतीयांशाहून जास्त पुरुष आपण दारू घेतो असं सांगतात; महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा आकडा एक टक्क्याच्याही खाली येतो. त्यातली खरी न पिणारी किती आणि न सांगणारी किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

मग सुरक्षित किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच म्हटलं, की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही, आणि ते सगळ्यांनाच लागू आहे. अमेरिकेतल्या सर्जन आणि अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनांच्या मार्गदर्शनातही बायपासनंतर जास्त धोका असलेल्यांनी दारू पूर्ण बंद ठेवावी असंच सुचवलेलं आहे. ज्याला आधी दारूचा त्रास होता, घरात वडील किंवा भाऊ दारूने गेला आहे, यकृत खराब आहे, साखर खाली जाते, उलट्या थांबलेल्या नाहीत, किंवा जिला मूल हवं आहे, त्यांच्यासाठी उत्तर शून्य. ऑपरेशननंतर दीड वर्षापर्यंत गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि पुढे ती झाली की दारूचा प्रश्नच येत नाही.

ज्यांना हे काहीच नाही आणि तरीही घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी मी एवढंच म्हणेन: पहिलं वर्ष जाऊ द्या, आणि नंतरची पहिली वेळ घरी, जागं राहणारं कोणीतरी सोबत असताना. लहान पेगापुढे जायचं नाही, तोही भरपूर पाण्यात आणि घोट-घोट. आधी प्रथिनं असलेलं काहीतरी खाऊन अर्धा तास झालेला असावा. दहा मिनिटांत काय होतं ते पाहा, कारण नशा चढायची ती लवकरच चढते. तेवढ्यात चढली आणि लवकर उतरल्यासारखी वाटली म्हणून दुसरा भरायचा मोह होतो. बहुतेक जण फसतात ते तिथेच. गाडीची किल्ली त्या दिवशी हातात नकोच, एका पेगावरही नको. हिशोबात कॅलरीही धरा: अल्कोहोलच्या एका ग्रॅममागे सात, आणि पातळ असल्यामुळे त्या पिशवीत अडत नाहीत.

डॉक्टरांकडून एक अपेक्षा आहे. वार्षिक तपासणीत बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांच्या रांगेत दारूचे तीन ठरावीक प्रश्न बसायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि ते पेशंटला एकट्याला विचारले पाहिजेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर पेशंट यायचे कमी होतात, नेमके धोक्याच्या काळात. हॉस्पिटलमधून त्यांना वजनासाठी फोन जातो तसा यासाठीही जावा.

आणि सुटत नसेल तर मदत आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुलंच्या आर्थिक मदतीने १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण मराठी माणसाला सांगावं लागत नाही; गावोगावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भरतात; १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद करणं धोक्याचं असतं, फिट येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होताना ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढं सांगून भागत नाही. बायपास की स्लीव्ह, कोणत्या साली, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि बी-१ शेवटचं कधी घेतलं, हे कागदावर लिहून न्यावं आणि दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्यावं.